मुदतीबाहेरचा अर्ज

अकोटास आमचे एक जुने स्नेही राहतात. तीन भावांचें एकत्र कुटुंब, चूल एकच, आणि लहानथोर सर्वांवर चालणारा शब्दही एकाचाच. त्यांस घरचे व गांवचे लोक अण्णा म्हणतात. आम्हीही येथें तेंच नांव चालवितों. २०२४ च्या कार्तिकांत, कपाशीची वेचणी ऐन भरांत असतां, आम्ही त्यांच्याकडे दोन दिवसांसाठीं गेलों होतों. अकोल्याहून अकोट उणेंपुरें पंचेचाळीस किलोमीटर. परंतु हा टापू ज्यांस ठाऊक आहे ते अंतर किलोमीटरांत मोजीत नाहींत. जुनी मीटरगेज गाडी २०१७ च्या आरंभीं बंद झाली, ती ब्रॉडगेज होऊन पुन्हां सुरू होण्यास २०२२ चा नोव्हेंबर उजाडला; आणि त्याच्या आदल्याच महिन्यांत गांधीग्रामजवळचा पूर्णेवरील पूल वाहतुकीस बंद करावा लागला होता. त्या दिवसांत ज्याची अकोल्याच्या कोर्टांत तारीख असेल, त्यास ‘पुरेसें कारण’ या दोन शब्दांचा अर्थ कायद्याच्या पुस्तकावांचून समजला असेल. या दोन शब्दांभोंवतींच आजचें आमचें बोलणें आहे.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर माईंनीं फडताळांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. गतवर्षीच्या पंचांगांत तो घडी घालून ठेविलेला होता. निकालाची नक्कल होती. अण्णांचे धाकटे बंधू पूर्वींच वारले. त्यांची मुलगी अण्णांनींच वाढविली, शिकविली व तिचें लग्नही करून दिलें. तिला घरांत ताई म्हणतात. चार वर्षांपूर्वीं ती तीन वर्षांचा मुलगा घेऊन माहेरीं परत आली. कोणाचा दोष किती, याची चर्चा आम्ही येथें करणार नाहीं. मुलाचा दोष कांहीं नव्हता एवढें पुरे. ताईनें मुलाच्या पोटगीसाठीं अर्ज केला, आणि न्यायालयानें मुलास दरमहा २,५०० रुपये द्यावेत असा हुकूम केला. मुलाचे वडील पुण्यास चांगल्या नोकरीवर आहेत. त्यांनीं आपल्या मिळकतीचें प्रतिज्ञापत्र दिलेंच नव्हतें. एका जुन्या पगारपत्रकावरून अंदाज बांधला गेला. मुलाच्या शाळेची फी, चष्मा, व वर्षास दोनदां आंखूड होणारे कपडे हें सर्व त्या रकमेंत बसावयाचें होतें.

निकाल १८ जूनचा. आम्ही कागद पाहिला तो दिवस १७ नोव्हेंबर.

“वरच्या कोर्टांत गेलां नाहीं?” आम्हीं विचारलें. अण्णा कांहीं बोलले नाहींत. माईच म्हणाल्या, “जाऊं जाऊं म्हणतां राहिलें.”

राहिलें कसें, तें हळूहळू कळलें. आषाढांत मुलाच्या वडिलांच्या मामांकडून निरोप आला, कीं श्रावणांत एकत्र बसूं, मुलगा ऐकेल, कोर्टांत पुढें जाऊं नका. श्रावणांत ते आलेच नाहींत. भाद्रपदांत पितृपक्ष, त्यांत नवें कांहीं काढूं नये. अश्विनांत धाकट्या बंधूंच्या मुलीस स्थळ पाहण्याचें चाललें होतें, आणि घरांत कोर्टाचे कागद हलताहेत अशी वार्ता पाहुण्यांच्या कानीं जाणें बरें नव्हे, असें अण्णांचें मत पडलें. मग दिवाळी. यांतील एकही कारण खोटें नाहीं, आणि एकही कारण मुलाचें नाहीं. एकत्र कुटुंबांत प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, कारण प्रत्येक गोष्ट सर्वांची असते. हा त्या पद्धतीचा मोठा गुण आम्हीं या पानांतून अनेकदां वाखाणला आहे. मात्र कायद्याची मुदत कुटुंबाची सभा भरेपर्यंत थांबत नाहीं, हेंही लिहिणें आम्हांस भाग आहे.

ताई कोठें होती? स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी होती. ती एका शाळेंत शिकविते, सकाळीं साडेनवाला बाहेर पडते व पांचाला परतते. ती नक्कल तिनें जुलैपासून पुन्हां पाहिलेली नव्हती. काकांना आठवण करून देणें म्हणजे काकांवर अविश्वास दाखविणें, असें तिला वाटे. ज्यांनीं वाढविलें त्यांच्या दारीं उभें राहून ‘उशीर होत आहे’ असें म्हणावयास किती बळ लागतें, तें आमच्या वाचक भगिनींस निराळें सांगावयास नको.

प्रथम आम्हीं हिशेब केला. तो वाचकांनींही समजून घ्यावा, कारण बहुतेक घरांत तो चुकतो. दंडाधिकाऱ्यानें दिलेल्या पोटगीच्या हुकुमावर अपील नसतें. ज्यास वकील लोक रिव्हिजन म्हणतात तो अर्ज सत्र न्यायालयांत किंवा उच्च न्यायालयांत करावा लागतो, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें त्यास नव्वद दिवस मिळतात. निकालाचा दिवस मोजावयाचा नाहीं. नक्कल मिळण्यास जे दिवस लागले तेही वगळावयाचे; पण अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच, अर्ज करण्यापूर्वीं घरीं घालविलेले नव्हेत, आणि नक्कल तयार झाल्यावर ती आणावयास कोणास सवड नव्हती तेही नव्हेत. या तारखा नकलेवरच शिक्क्यानें नोंदलेल्या असतात. निकालाच्या दिवशींच नकलेचा अर्ज द्यावा असें जुने वकील सांगत, त्याचें कारण हेंच. अण्णांच्या घरीं अर्ज १ जुलैला गेला व नक्कल १० जुलैला तयार झाली; म्हणजे वगळावयाचे दिवस दहा. नव्वद दिवस १६ सप्टेंबरला भरतात. त्यांत दहा मिळविले कीं २६ सप्टेंबर. पितृपक्षांतच मुदत संपली होती. आम्ही बसलों होतों तो बावन्नावा दिवस.

“पण मूल तर अज्ञान आहे,” अण्णा प्रथमच बोलले, “अज्ञानावर मुदत चालत नाहीं असें आम्ही ऐकून होतों.”

हा समज आम्हीं पुष्कळ सुशिक्षित घरांत पाहिला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. मुदतीच्या कायद्याचें सहावें कलम अज्ञानास सवलत देतें, ती दावा लावण्यास व हुकूमनाम्याच्या बजावणीस. अपिलास किंवा रिव्हिजनला ती सवलत नाहीं. तेथें मुलाचा काळ हा मोठ्या माणसांच्या काळाप्रमाणेंच धांवतो. कायद्यानें असें कां ठरविलें, यावर वाद घालतां येईल. परंतु फडताळांतला कागद त्या वादानें बाहेर येत नाहीं.

उरलें पांचवें कलम. मुदतींत न येण्यास पुरेसें कारण होतें अशी न्यायालयाची खात्री पटली, तर उशिरा आलेलें अपील वा अर्ज दाखल करून घेतां येतो. यासाठीं मुख्य अर्जाबरोबर विलंब माफ करण्याचा निराळा अर्ज व प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. येथपर्यंत आल्यावर असें कळलें कीं, कोर्टाच्या आवारांत नेहमीं वावरणारे एक गृहस्थ चार दिवसांपूर्वींच घरीं येऊन गेले होते. त्यांनीं सर्व ऐकून घेऊन हंसत म्हटलें होतें, “त्यात काय हाये अण्णा! ताईले टायफाइड झाला होता असा दाखला लावून देऊ. चार महिने अंथरुणावर. डॉक्टर आपलाच हाये.”

अण्णांस ती युक्ति पटली नव्हती असें नाहीं. तींत घराची लाज झांकली जात होती. दाखला लाविला कीं निरोप, पितृपक्ष, स्थळ, यांतलें कांहींच लिहावें लागणार नव्हतें. सगळा उशीर एका आजारावर जाणार होता, आणि आजार हा कोणाचाच अपराध नसतो.

तेव्हां ताई दारांतून म्हणाली, “काका, त्या चार महिन्यांत मी एकही रजा घेतलेली नाहीं. हजेरीपटावर रोज माझी सही आहे.”

यावर बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

शपथेवर खोटें सांगणें हा स्वतंत्र गुन्हा आहे, हें तर झालेंच. परंतु त्याहून जवळचा धोका असा, कीं समोरच्या पक्षानें शाळेचा हजेरीपट मागविला तर तेवढ्या एका कागदानें खरी मागणीही बुडते. पित्याचा पगार किती, मुलाचा खर्च किती, हे प्रश्न बाजूस पडतात आणि आई खोटारडी आहे हा एकच मुद्दा उरतो. ज्या बाईचें सर्व बळ तिच्या शब्दाच्या खरेपणांत आहे, तिच्या हातीं असा दाखला देणारा मनुष्य तिचा हितचिंतक नव्हे.

आणि खरी कारणें इतकीं दुबळीं तरी असतात काय? १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें जें प्रकरण आलें तें या विषयांत आजही सांगितलें जातें. काश्मीरांतील अनंतनागच्या कलेक्टरांचें, भूसंपादनाच्या मोबदल्यासंबंधींचें, अपील चार दिवस उशिरा आलें म्हणून उच्च न्यायालयानें घेतलें नव्हतें; सर्वोच्च न्यायालयानें तें घ्यावयास लाविलें. उशीर करून सामान्यतः कोणा पक्षकाराचा लाभ होत नाहीं, उलट त्याचें नुकसानच होण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक दिवसाचा जाब घेण्याच्या नियमाची घोकंपट्टी करूं नये, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढें १९९८ सालच्या एका निकालांत ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला, आणि उशीर किती दिवसांचा यापेक्षां दिलेलें कारण पटण्याजोगें आहे कीं नाहीं हें पाहावें, असें सांगितलें गेलें. वाचकांनीं मात्र यावरून निर्धास्त होऊं नये. याच न्यायालयानें २०१३ सालीं असेंही बजाविलें आहे, कीं मुदतीचा नियम एखाद्या पक्षकारास कठोर वाटला तरी तो पाळलाच पाहिजे, आणि जेथें केवळ निष्काळजीपणा आहे तेथें पुरेसें कारण नाहीं. करोनाच्या सांथींत १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्व काळ मुदतींतून वगळला गेला, तो देशावरील संकट म्हणून. पितृपक्षासाठीं तसा हुकूम कोणी काढणार नाहीं.

अण्णांनीं एक प्रश्न विचारला तो आम्हांस मार्मिक वाटला. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, प्रश्न नेमका विचारतात. “मग आतां रिव्हिजनचा हट्ट कशाला? वाढीव पोटगीचा नवा अर्ज खालच्या कोर्टांत केव्हांही करतां येतो ना?”

करतां येतो. जुन्या फौजदारी संहितेंतील १२७ वें कलम, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतील १४६ वें, याचसाठीं आहे. परिस्थिति बदलली, मूल मोठें झालें, खर्च वाढला, पित्याचा पगार वाढला, तर रक्कम बदलून मागतां येते व त्यास मुदत नाहीं. मुलाच्या पोटगीचा हुकूम हा कधींच कायमचा हुकूम नसतो. ज्यांचा उशीर खरोखरच सांवरण्यापलीकडे गेला आहे त्यांनीं हें दार विसरूं नये. पण नव्या अर्जांत बदललेली परिस्थिति दाखवावी लागते. मुळांतला निकालच चुकला होता, हें तेथें सांगतां येत नाहीं. ताईचें म्हणणें तर तेंच होतें: पित्यानें मिळकत उघड केली नाहीं व ती त्याच्याकडून मागितलीही गेली नाहीं. शिवाय मूळ अर्जाच्या तारखेपासूनच्या फरकावर पाणी सोडावें लागलें असतें, आणि तो फरक मुलाच्या तीन वर्षांच्या शाळेइतका होता.

मिळकतीच्या प्रतिज्ञापत्राचा हा मुद्दा विदर्भांतीलच एका प्रकरणानें सर्व देशापुढें आणिला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयांतील तें प्रकरण. अर्ज २०१३ सालचा. त्या न्यायालयानें २०१५ सालीं मुलास आरंभीं दरमहा ५,००० व पुढें १०,००० रुपये ठरविले. पिता नागपूर खंडपीठांत गेला, तेथें २०१८ सालीं हरला, मग दिल्लीस गेला, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. दोन्ही पक्षांनीं मिळकत, मालमत्ता व देणीं यांचें प्रतिज्ञापत्र दिलेंच पाहिजे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असें त्या निकालानें देशभरच्या न्यायालयांस सांगितलें. ज्या मुलासाठीं अर्ज झाला तें तोंवर सात वर्षांचें झालें होतें. १८९८ च्या संहितेंत पोटगीस दरमहा पन्नास रुपयांची मर्यादा होती. ती वाढत वाढत पांचशेंवर येऊन २००१ सालीं ती मर्यादाच काढून टाकण्यांत आली. आंकड्यांची मर्यादा गेली. काळाची मात्र प्रत्येक घरानें आपापल्या हातानें राखावयाची आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हांस त्या रात्रींच कळली व तिनें आम्ही अधिक अस्वस्थ झालों. ठरलेले २,५०० रुपयेही घरीं येत नव्हते. पहिल्या महिन्याचे आले ते अण्णांनीं परत पाठविले होते, कारण “एवढे घेतले म्हणजे निकाल मान्य केला असें होईल.” त्यानंतर त्यांनीं मागितले नाहींत, व समोरून आले नाहींत. हा गैरसमज वाचकांनीं मनांतून काढून टाकावा. ठरलेली रक्कम घेतल्यानें अधिक मागण्याचा हक्क जात नाहीं. उलट थकलेल्या पोटगीसाठीं वॉरंट काढावयाचें तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आंत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलें कीं तो मार्ग बंद होतो, आणि दिवाणी मार्गानें वसुलीचा लांबचा फेरा उरतो. म्हणजे एक मुदत चुकली होती, आणि स्वाभिमानाच्या पायीं दुसरीही चालली होती. वरच्या कोर्टांत नुसता अर्ज पडल्यानें खालचा हुकूम थांबत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. पित्यासही तें तितकेंच लागू आहे.

येथें एक सूचना, कारण सर्वांचें प्रकरण ताईसारखेंच असेल असें नाहीं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीं मिळालेला हुकूम असेल तर सत्र न्यायालयांत अपील होतें, आणि त्यास अवघे तीस दिवस आहेत. कुटुंब न्यायालयाचा हुकूम असेल तर उच्च न्यायालयाचें दार. पण तेथें अपील कीं रिव्हिजन, हें अर्ज कोणत्या कायद्याखालीं होता यावर ठरतें. म्हणून निकाल हातीं येतांच वकिलास पहिला प्रश्न विचारावा तो ‘जिंकूं का?’ हा नव्हे, तर ‘कोठें आणि किती दिवसांत?’ हा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्नान करून ओसरीवर आलों तों अण्णा लिहीत बसले होते. त्यांनीं रात्रीं झोंप घेतली नसावी. कागद आमच्या हातीं देऊन ते म्हणाले, “वकिलांनीं भाषा बदलावी. मजकूर बदलूं नये.”

मजकूर साधा होता. निकालाची नक्कल १० जुलैपासून माझ्या ताब्यांत होती. अर्जदार माझी पुतणी असून माझ्या आश्रयास राहते, व घरांतील असे निर्णय मी घेतों. समोरील पक्षाच्या मामांनीं तडजोडीचा निरोप अमुक तारखेस दिला, त्यावर मीं विश्वास ठेविला. (तो निरोप टेलिफोनवर लिहून आलेला होता, आणि सुदैवानें माईंच्या नातवानें तो पुसलेला नव्हता.) ती आशा सुटल्यावरही घरांतील दुसऱ्या कार्यामुळें मीं विलंब केला. या विलंबाशीं माझ्या पुतणीचा व तिच्या मुलाचा संबंध नाहीं. दोष असल्यास तो माझा आहे.

शेवटचें वाक्य माईंस आवडलें नाहीं. “एवढें कशाला लिहावयाचें? लोक वाचतील,” असें त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, “लोक नव्हे, न्यायाधीश वाचतील.” स्थळाचा उल्लेख करावा कीं नाहीं यावर धाकट्या बंधूंशीं थोडी बोलाचाली झाली, शेवटीं ‘दुसरें कार्य’ एवढ्यावर भागविलें. आम्हांस स्वतःला तारीखवार उल्लेख अधिक बरा वाटला असता, कारण मोघम शब्दावरच समोरचा वकील बोट ठेवितो. पण दुसऱ्या मुलीच्या भवितव्याचा प्रश्न होता, आणि आम्ही पाहुणे होतों.

ताईनें आपलें प्रतिज्ञापत्र निराळें दिलें. तींत तिनें नोकरी, पगार व हजेरी हें सर्व आपण होऊन लिहिलें. अर्ज त्याच आठवड्यांत दाखल झाला, आणि थकलेल्या पांच महिन्यांच्या वसुलीचा अर्ज खालच्या कोर्टांत निराळा गेला.

माईंचें पत्र आम्हांस माघांत आलें. विलंबाच्या अर्जावर समोरच्या पक्षास नोटीस निघाली होती. त्यांच्या वकिलांनीं एकदां मुदत मागून घेतली होती. वसुलीच्या अर्जाची नोटीस पोंचतांच मात्र साडेबारा हजार रुपये एकरकमी जमा झाले. त्यांतून मुलाचा चष्मा झाला. शाळेची राहिलेली फी भरली. नकला आतां फडताळांत नसतात, ताई शाळेच्या पिशवींत घेऊन हिंडते, आणि तारीख कोणती हें अण्णाच तिला रोज विचारतात, असें माईंनीं लिहिलें होतें.